मोठ्या आचेवर

कढईतून धुराची पहिली रेघ वर आली आणि बंबवाल्यांनी गॅस बंद केला. नुसता शेगडीचा नाही, सिलिंडरचासुद्धा. मग त्यांनी खिडकी उघडली, दिव्याच्या बटणाला कुणी हात लावायचा नाही असं बजावलं आणि बायकोला दंडाला धरून बाहेरच्या खोलीत आणून उभं केलं.

"अहो, तेल तापलंय फक्त," बायको म्हणाली. "धूर आला की चिकन टाकायचं, असं सांगितलं होतं ना मी?"

"धूर आला की माणसं बाहेर काढायची असतात," बंबवाले म्हणाले.

तेहतीस वर्षं त्यांनी अग्निशमन दलात काढली होती. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी गल्ली त्यांना बंबवालेच म्हणायची. जळत्या गोदामात बेधडक शिरणाऱ्या या माणसाने घरच्या शेगडीची आच मात्र कधी अर्ध्याच्या वर जाऊ दिली नव्हती. बायकोही त्यांच्या देखत मोठी आच करायची नाही, ते आंघोळीला गेले की उरकून घ्यायची.

सोमवारी ती मुलीकडे निघाली होती. मुलीला बाळ होणार होतं, मुक्काम तीन महिन्यांचा. तेवढे दिवस बंबवाल्यांनी थोरल्या बहिणीकडे जेवावं, असं दोघी नणंद-भावजयींनी परस्पर ठरवलं होतं. ताई चार घरं सोडून एकटीच राहायची. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती, पण शाळा काही सुटली नव्हती. तिच्याकडे दोन्ही वेळा उकडलेला भोपळा, भात आणि तोंडी लावायला उपदेश. बंबवाल्यांनी साफ सांगितलं, मी माझं करून खाईन. बायको म्हणाली, दाखवा करून. एका कढईत चिकन, भाज्या आणि भात, मोठ्या आचेवर झटपट परतलेला. जमलं तर घरी जेवा, नाही तर भोपळा आहेच. परीक्षक म्हणून ताईच आली. बायको नवऱ्याला खरे गुण देईल यावर तिचा भरवसा नव्हता.

दुसऱ्या खेपेला बंबवाल्यांनी शहाणपणा करून आच मंद ठेवली. धूर झाला नाही, पण चिकनला पाणी सुटलं आणि सुटतच राहिलं. गाजराने माना टाकल्या. ढोबळी मिरची तर ओळखू येईना.

ताईने टेबलावरून मान लांब करून कढईत पाहिलं. "पोहायला शिकवतोयस का रे त्याला?"

बायकोने पदराआड हसू दाबलं. आता मुरवलेलं चिकन एकाच खेपेपुरतं उरलं होतं. तीन महिने म्हणजे जेवणं किती होतात याचा हिशोब त्यांनी मनातल्या मनात सुरू केला आणि भीतीने अर्ध्यावर सोडून दिला.

मग एकदम त्यांना कळलं, आपलं चुकतंय कुठे. ते या आगीत एकटे शिरत होते. दलात तसं कधीच होत नसे. पुढचा माणूस आत शिरला की त्याच्या पाठीशी एक माणूस असायचाच. त्याने काही करायचं नसायचं, नुसतं असायचं.

त्यांनी बायकोच्या हातात कढईचं झाकण दिलं. "माझ्या मागे उभी राहा. तेलाने पेट घेतला तर मी सांगेन, मग झाकण टाकायचं. तोवर हलायचं नाही."

"बरं, साहेब," बायको म्हणाली.

त्यांनी आच पूर्ण मोठी केली. धूर आला. हात सवयीने गॅसकडे गेला, वाटेत थांबला आणि मागे आला.

"आहेस ना?"

"आहे."

चिकन कढईत पडलं आणि असं काही चरचरलं की ताईने चष्मा लावला. बंबवाले वळून न बघता परतत राहिले. कांदा टाकला, "आहेस ना?" गाजर आणि मिरची टाकली, "आहेस ना?" शेवटी कालचा मोकळा भात आणि सोया सॉस. बायको दर वेळी "आहे" म्हणत होती, शेवटी शेवटी तर ते विचारायच्या आधीच. पाच मिनिटांत सगळं आटोपलं. भाताचा दाणा न् दाणा सुटा, चिकन कडेने खरपूस.

ताईने एक घास खाल्ला. मग पूर्ण ताटली संपवली, आणखी वाढून घेतलं आणि तेही संपवलं. चमचा खाली ठेवून ती म्हणाली, "नापास."

"ताई, अहो, एवढं छान झालंय," बायको कळवळून म्हणाली.

"झालंय ना. पण सोमवारपासून याच्या मागे कोण उभं राहणार?"

बंबवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. तिच्या हातात अजून झाकण होतं. भोपळ्याच्या धास्तीत हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती तीन महिने घरात नसणार, हाक मारली तर ओ येणार नाही, हे त्यांना आत्ता कुठे समजलं आणि फार वाईट वाटलं. ते खुर्चीत बसले.

"तोंड पाडू नकोस," ताई म्हणाली. "झाकण मी धरीन. दोन्ही वेळा येईन आणि इथेच जेवीन."

बंबवाल्यांना ठसका लागला. ज्या पंगतीतून सुटायला ही सगळी खटपट केली, ती पंगतच घरी येत होती. त्यांनी शेवटचा प्रयत्न करून पाहिला. "पण ताई, तुला तर उकडलेलंच आवडतं ना?"

ताईने कढई आपल्याकडे ओढली आणि तळाला लागलेला भात खरवडायला घेतला.

"एकटीसाठी कोण कढई तापवत बसतं रे? सोमवारी मिरची जरा जास्त घाल."