झोपेतली वीस मिनिटं

कोलशेतच्या खाडीतली होड्यांची शर्यत एकाहत्तर वर्षांच्या दामाजींनी सहा मिनिटांत जिंकली. असं काहीही घडलेलं नाही, हे धरून पुढे वाचावं.

धक्क्यावरून निघायचं, खाडीतल्या खुंटाला वळसा घालून परत यायचं. वाट अरुंद, म्हणून होड्या एकेक सोडतात. गेल्या वर्षी तीन मोबाइलांनी तीन वेगवेगळ्या वेळा दाखवल्या आणि दोन घरांचं बोलणं बंद झालं. म्हणून यंदा टॉवरमधल्या त्र्यंबककाकांनी स्वतःचा जुना लॅपटॉप दिला. शर्यतीचे अध्यक्षही तेच. लॅपटॉप दाखवेल ती वेळ अंतिम, असा ठराव झाला.

लॅपटॉपला एकच खोड होती. पाच मिनिटं हात लावला नाही की झोपायचा, आणि त्याचं घड्याळही थांबायचं. उठला की झोपला तिथूनच पुढे मोजायचा. म्हणून दामाजींची नात दक्षता हिला त्याच्यासमोर बसवलेलं. काम एवढंच, मधूनमधून माऊस हलवायचा.

सात होड्यांना तिने हलवला. आठवी, शेवटची, आजाची होती, आणि आजा पुढच्या वर्षी उतरणार नव्हता. मिनिटभरातच ती खुर्ची सोडून धक्क्याच्या टोकाला गेली आणि घसा बसेपर्यंत ओरडत राहिली. होडी लागल्यावर धावत आली, तर पडदा काळा. बटण दाबलं. सहा मिनिटं. तोवर पहिल्या असलेल्या बाळकुमच्या तरण्याताठ्या भावेशला एकोणीस लागलेली, बाकी सगळ्यांना पंचवीसच्या आत.

दामाजी येईपर्यंत लोकांचा दोनदा चहा झाला होता. तरी त्र्यंबककाकांनी ठराव वाचला आणि ढाल पुढे केली. भावेशही म्हणाला, घ्या आजा, वाद नको. दक्षताने रडत रडत सांगून टाकलं. लॅपटॉप झोपला, वीस मिनिटं गेली, चूक माझी.

दामाजींच्या हातात अजून वल्हं होतं.

"म्हंजे मी सहाच मिंटं वल्हवलं?"

"कागदावर तसंच आहे, दामाजीराव," त्र्यंबककाका म्हणाले.

"झोपला त्यो. मी नाय."

ढाल टेबलावरच राहिली. दामाजींनी तिथेच उभं राहून नातीकडून अर्ज लिहून घेतला:

"मा. अध्यक्ष महोदय, सदर संगणक निद्रावस्थेत असताना अर्जदार जागा होता व भरतीच्या उलट एकटा वल्हवत होता. तरी सदर वीस मिनिटे अर्जदाराच्या नावे जमा करून त्यास एकूण सव्वीस मिनिटांसह शेवटचा क्रमांक सन्मानपूर्वक देण्यात यावा, ही नम्र विनंती."