मळीचं तळं

पहिली कुंडी पाण्यात विरघळली. दुसरी उन्हात तडकली. तिसरी टिकली, पण तिला असा वास होता की सासूने नाक दाबून विचारलं, "ही कोणाच्या दारात ठेवायची गं? वैऱ्याच्या?"

सून हसली नाही. कुंडी उचलून ती परत शेडमध्ये गेली.

शेडच्या मागे बायोगॅस प्लांटचं तळं होतं. गोठ्यांतलं शेण बंद टाकीत कुजायचं, गॅस नळीने डेअरीला जायचा आणि मागे उरलेली काळी, दाट मळी या सिमेंटच्या तळ्यात सोडली जायची. थोडी शेतकरी न्यायचे. बाकीची साचत राहायची.

तिचा नवरा या प्लांटवर ऑपरेटर होता. एका सकाळी कामावर गेला तो परतलाच नाही. तळ्याच्या काठावर त्याचे गमबूट सापडले, जोडीने, सरळ ठेवलेले. पोलिसांनी गळ टाकून पाहिले, पण त्या रबडीत गळालाही काही लागेना. मग लोकांनी ठरवून टाकलं, गडी पळाला.

ती मात्र एकच सांगत राहिली, तो तळ्यात आहे.

"तळं उपसा," ती मॅनेजरला म्हणाली होती.

"उपसून ओतू कुठे, वहिनी? खाली नदी आहे, वस्ती तेच पाणी पिते. मळीला गिऱ्हाईक असतं तर कधीच उपसलं असतं. कोण घेतंय ही घाण, तुम्हीच सांगा."

तेच शोधायला ती लागली. मॅनेजरने दया म्हणून रिकामी शेड दिली.

मळी गाळून चोथा वेगळा करायचा, धुवायचा, खळ घालून साच्यात दाबायचा. हळूहळू कुंड्यांचा वास गेला. कुंडीसकट रोप मातीत लावता येतं म्हटल्यावर नर्सरीवाले आले. गाळलेलं पाणी ते खत म्हणून न्यायला लागले. मग काचसामान फुटू नये म्हणून खोक्यांत घालायचे आधार झाले, मग भिंतीला लावायच्या फळ्या. हाताखाली बायका आल्या. लोक तिला मळीवाली म्हणू लागले. आधी हसून, मग अदबीने.

चाळणी मात्र ती कोणाच्या हाती देत नसे. प्रत्येक घमेलं स्वतः चिवडायची. बोटांना काही टोचलं की ते उचलून उजेडात धरायची. काडी असायची, खडा असायचा.

दुपारी बायका जेवायला बसल्या की शेड शांत व्हायची आणि मागे तळ्यात बुडबुडा फुटायचा. मळीत थोडा गॅस उरतो, तिला ठाऊक होतं. तरी तो आवाज कोणीतरी धरून ठेवलेला श्वास सोडावा तसा यायचा. तिचे हात थांबायचे.

"आले, आले," ती पुटपुटायची.

सासू फळ्या वाळत घालायला मदत करायची, पण तळ्याकडे पाठ करून. "एवढी घाई कशाला?" म्हणायची. "मळी कुठे पळून जाते?"

एकदा सुनेने विचारलंच. "आई, तुम्ही तिकडे बघतसुद्धा नाही."

"माझ्याच्याने होत नाही, पोरी. एक मागते तुझ्याकडे. मी डोळे मिटेपर्यंत ते तळं रिकामं करू नकोस."

सुनेने तिचे हात धरले. आईचं काळीज, तिला वाटलं. पोटच्या पोराला त्या अवस्थेत बघायचं कसं?

पण थांबणं तिच्याही हातात नव्हतं. भाऊ दोनदा न्यायला आला. "तुझं वय काय आणि करतेस काय? घरी चल. पुढचा विचार करू."

"त्याला बाहेर काढल्याशिवाय नाही. आणि आईंना माझ्याशिवाय आहे कोण?"

सासू दारामागे उभी होती. ऐकत होती.

चौथ्या वर्षी फळ्यांची मागणी इतकी वाढली की नवी मळी कमी पडू लागली. तळं खाली जायला लागलं. भिंतींवर काळे पट्टे उघडे पडले, एकाखाली एक. आणि एके सकाळी पंपाने नुसती हवा ओढली.

मॅनेजरने पंखे लावून आतला गॅस काढला, मगच माणसं उतरवली. ती वर काठावर उभी राहिली. प्रत्येक फावड्यासरशी डोळे मिटायची, उघडायची. मग तिला राहवेना. ती शिडीने खाली उतरली.

एक फुटकी बादली निघाली. पाइपचा तुकडा. खाली स्वच्छ सिमेंट लागलं. चारही कोपरे तिने हाताने चाचपले. मॅनेजरने पाणी मारून तळ धुतला, तेव्हाही ती तिथेच उभी होती.

घरी आली तेव्हा सासू ताट वाढून बसली होती.

"आई, तो नाही तिथे."

सासूने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"हाडूकसुद्धा नाही. चार वर्षं मी कोणाला ओ देत होते, आई?"

"जेवून घे."

"आई!"

सासूने पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"सुखात आहे गं तो," ती म्हणाली. "पहिल्याच महिन्यात निरोप आला होता. पण तुला सांगितलं असतं, तर तू राहिली असतीस का माझ्याजवळ?"