गणपतीला मुदतवाढ

नवे साहेब रुजू झाले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांची नजर हेडक्लार्क हेमाताईंच्या टेबलामागच्या गणपतीच्या तसबिरीवर गेली. "सरकारी कचेरीच्या भिंतीला धर्म नसतो, बाई. राज्यघटना वाचलीय का आपण?" हेमाताईंनी वाचली नव्हती, म्हणून साहेबांनी ती सगळ्या ऑफिसला ऐकवली. अनुच्छेद पंचवीस झाला, सत्तावीस झाला, चहा गार झाला. "अहो साहेब, तो बिचारा कुणाची फाइल अडवत नाही," असं हेमाताई म्हणाल्या, तर साहेबांनी सर्वोच्च न्यायालय काढलं.

शेवटी नारायण पेठेत वाढलेल्या बाईनेसुद्धा वादात हार मानली. खुर्चीवर चढून त्यांनी तसबीर उतरवली, पदराने पुसली आणि साहेबांपुढे धरली. "घ्या. झाली भिंत निधर्मी."

साहेब दचकून मागे सरकले. "अहो, आज कुठे उतरवताय! पितृपक्ष चालू आहे. या दिवसांत नवीन काही सुरू करू नये. घटस्थापनेला उतरवू, दिवस चांगला आहे."

हेमाताईंनी तसबीर पुन्हा खिळ्याला अडकवली.

"राहा हो बाप्पा अजून थोडे दिवस," त्या म्हणाल्या. "घटना तुमच्या बाजूने नाही, पण पंचांग आहे."