सवडीनं बघू

पिंडाला कावळा शिवत नव्हता.

कुंडलिकेच्या काठावर ऊन चढत चाललं. धर्मराज मास्तरांचा दहावा. पिंडाशेजारी त्यांच्या आवडीची भजी आणि चहाचा कप ठेवला होता. बाभळीवर कावळे बसले होते, पण एकही खाली उतरेना.

"मन गुंतलंय कशात तरी," द्वारकाकाकू म्हणाली.

पुतण्यानं हात जोडले. "काका, सत्यशीलाताईला अंतर देणार न्हाई." कावळे हलले नाहीत. "बुद्धिबळाचा वर्ग बंद पडू देणार न्हाई." तरीही नाही.

वडिलांचं मन कशात गुंतलंय, हे सत्यशीलाला ठाऊक होतं. ते मागे भुजंगचा हात धरून उभं होतं. भुजंगचं मस्तगडला सायकल दुरुस्तीचं दुकान. त्याची मुलगी नंदा मास्तरांच्या वर्गात शिकली आणि स्पेनच्या स्पर्धेसाठी निवडली गेली. पासपोर्टही आला. जाण्यायेण्याचा खर्च मात्र ज्याचा त्यानं करायचा होता.

नंदाच्या सत्काराला बियाण्यांचे व्यापारी सुगनचंद शेठ माईकवर म्हणाले होते, "पोरीचं तिकीट माझ्याकडं लागलं." त्यानंतर मास्तर त्यांच्या दुकानात जाऊन बसू लागले. चहा यायचा. पावसापाण्याचं बोलणं व्हायचं. तिकिटाचा विषय निघाला की शेठ मान खाली घालायचे, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत मास्तरच उठायचे. "राहू द्या शेठ. सवडीनं बघू."

एकदा बरोबर गेलेली सत्यशीला वाटेत चिडली होती. "तुम्ही कशाला उठता, बाबा? त्यांना बोलू तर द्या."

"अवघडून बसलेलं माणूस बघवत न्हाई गं मला."

आज शेठ आले होते. काकू त्यांच्याकडे वळली. "शेठ, आता तुमीच बोला. जाईपर्यंत तुमचंच नाव होतं त्यांच्या तोंडी."

सगळ्यांनी मागे पाहिलं. शेठनी चपला काढल्या. तापल्या दगडांवरून ते पुढे आले, हात जोडून उभे राहिले. नंदानं बापाचा हात सोडला आणि तीही दोन पावलं पुढे सरकली.

"मास्तर," शेठ म्हणाले. त्यांनी मान खाली घातली. घसा खाकरला. "त्या पोरीचं..."

पंख वाजले. एक कावळा सरळ खाली आला, पिंडात चोच घातली आणि घास घेऊन उडाला.

"शिवला, शिवला." लोक उठले. कुणी चपला शोधू लागलं, कुणी डोळे पुसले. शेठचे जोडलेले हात सुटले. त्यांनी कपाळावरचा घाम टिपला.

"चला, सुटले मास्तर," ते म्हणाले. "फार चांगला माणूस."

नंदा अजून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

सत्यशीला पिंडापाशी वाकली. चहाच्या कपावर साय धरली होती.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "बोलू तर द्यायचं होतं त्यांना."