रंगीत वाटे

नातीच्या शाळाप्रवेशाच्या चाचणीला मैनाही सुनेबरोबर आली होती. बाईंनी वीस ठोकळे टेबलावर ओतले. “उन्नती, रंग वेगवेगळे कर बघू.” चार वर्षांच्या उन्नतीने पाच वाटे घातले, प्रत्येकात लाल, निळा, पिवळा, हिरवा. बाईंनी कागदावर फुली मारली. सुनेने मैनाकडे पाहिलं. “पोर बाजारात बसून मागे पडतेय, पाळणाघरच बरं,” ती कालच म्हणाली होती. मैनाची मान खाली गेली. दोन वर्षं नात दिवाळे गावच्या मासळीबाजारात तिच्याशेजारी बसून कोलंबीचे वाटे घालत होती. “असं का केलंस?” बाईंनी विचारलं. “मोटी कोलंबी एकाच वाट्यान टाकली त बाकीचे कोन घेल? सगल्यांना सगला भेटाला पायजे.” बाईंनी वाटे मोजून फुली खोडली. बाहेर आल्यावर सून म्हणाली, “आई, उद्या हिला टोपी घालून न्या. बाजारात ऊन असतं.”