दम घ्यायची जागा

सुलक्षणाने विकीच्या पानावर पुन्हा ‘बदल प्रकाशित करा’ दाबलं आणि वडिलांचं वल्हवायचं गाणं पुन्हा एका लांबलचक परिच्छेदात गोळा झालं. होड्यांना इंजिनं आल्यापासून ते दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. चर्चापानावर कुणीतरी लिहिलं होतं, “हे गाणं वाटत नाही. उडवू या?”

“उडवून तर बघ!” म्हणत तिने विकीवरचा मजकूर वडिलांना वाचून दाखवला. बाकावर बसलेल्या वडिलांच्या मुठी वल्हवायला निघाल्या आणि हवेतच अडखळल्या.

“अगं, दम कुठं घ्यायचा? अशानं होडी जागची हलायची नाही.”

तिने हट्टाने मदतीची पानं पालथी घातली. एकदा मारलेलं एंटर विकीच्या खिजगणतीत नसतं. मध्ये अख्खी ओळ रिकामी सोडावी लागते. तिने वडिलांना गायला लावलं आणि मुठी छातीशी आल्या की ती ओळ सोडत गेली.

या खेपेला ती वाचत होती तेव्हा मुठी कुठेच अडखळल्या नाहीत. ती लहानपणी कितीही रडली तरी मुलीला होडीत पाय ठेवू न देणारे वडील बाकावर जरा सरकले.

“बस इथं. डावं वल्हं तू घे.”