शून्य मिलिमीटर

दोघी बहिणींच्या दातांना एकाच दिवशी तारा लागल्या. दर महिन्याला डॉक्टर दातांचं नवं डिजिटल मॉडेल स्क्रीनवर जुन्या मॉडेलवर बसवायचे आणि दात किती सरकले ते मोजून सांगायचे. धाकटीचे नेहमी एक मिलिमीटर, ताईचे जेमतेम अर्धा. ताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. रंगरूपात, मार्कांत धाकटी पुढे होतीच, आता दातांतही? शेवटी तिने धाकटीची तारेला लावायच्या रबरबँडची डबी गुपचूप आपल्या पर्समध्ये टाकली.

या महिन्यात धाकटीचा आकडा पुन्हा एक. ताईचा चक्क शून्य.

"असं कसं?" म्हणत डॉक्टरांनी ताईला आ करायला लावलं, तिच्या टाळूवरच्या वळ्या स्क्रीनवरच्या मॉडेलमधल्या वळ्यांशी ताडून पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. "या वळ्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. तुमच्या फायलींची पहिल्या दिवसापासून अदलाबदल झालीय. पुढे तर तूच होतीस गं."

मग ते धाकटीकडे वळले. "म्हणजे शून्य तुझं. रबरबँड लावले नाहीस का?"



"डबी हरवली, डॉक्टर. बिचारी ताई महिनाभर रोज माझ्यासोबत शोधतेय."